आबांची परिक्रमा

बद्रीनाथ आबांना जाऊन वर्ष झालं, आणि तेवढ्या वर्षात ते ओंकारेश्वरहून निघून, नावेनं खाडी ओलांडून, भरूचच्या पुढं पोचले होते. हर्सूलच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर नर्मदेचा मोठा नकाशा लावला होता, त्यावर एक लाल टाचणी. दर रविवारी आबांची धाकटी सून श्रेया ती टाचणी पेरभर पुढं सरकवायची आणि तिची पोरगी संस्कृती शेजारी उभी राहून गावांची नावं वाचायची. सहा वर्षांच्या पोरीला महेश्वर, बडवानी, अंकलेश्वर तोंडपाठ झालं होतं. श्रेया येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची की बघा, भूगोल कसा आपोआप होतोय.

खरं म्हणजे आबा नर्मदेच्या वाटेला कधी गेलेच नव्हते. लासूर स्टेशनच्या वावरात ते हरभऱ्याला पाणी द्यायला गेले, बांधावर टेकले आणि तिथंच संपले. त्या दिवशी संस्कृतीला शेजाऱ्यांकडं ठेवून सगळे लासूरला पळाले. परत आल्यावर पोरीनं विचारलं, आबा कुठंयत? आता सरळ सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण श्रेयानं आधी छावणीतल्या मॅडमना फोन लावला.

या मॅडम म्हणजे श्रेयाचं दैवत. बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा बालमेंदू विकासाचा वर्ग चालायचा. त्यांचं म्हणणं असं की सात वर्षांच्या आत पोराच्या कानावर खोटं काही पडू द्यायचं नाही. बोलणारा ससा नको, राक्षस नको, परी नको, देवाचे चमत्कार तर नकोच नको. त्यानं म्हणे मेंदूत खरं-खोटं यांची सरमिसळ होते आणि पुढं गणित कच्चं राहतं. मरणाचंही त्यांच्या कोष्टकात वय ठरलेलं होतं, आठवं. आठच्या आत मरण सांगितलं की मूल घाबरट होतं.

श्रेयानं हे सगळं मनापासून पाळलं. संस्कृती तीन वर्षांची झाली तेव्हापासून घरात गोष्टींना बंदी होती. सासूबाईंचं तोंड अगदीच बंद करता येईना, म्हणून त्यांना एवढी सवलत दिली की गोष्ट सांगा, पण प्रत्येक वाक्यानंतर हे खरं नाही असं सांगत जा. सरूबाईनं एकदा तेही करून पाहिलं. एक राजा होता, म्हणाली. खरा नव्हता. त्याला एक राणी होती. ती बी नव्हती. पुढं काय झालं, असं नातीनं विचारल्यावर म्हणाली, काय व्हणार बाई, कुणी नव्हतंच तर. त्यानंतर सरूबाई गोष्टी चोरून सांगायला लागली. वेणी घालताना, लिफ्टमध्ये, नाहीतर हर्सूल तलावावर फिरायला नेलं की तिथल्या बाकावर.

तर ज्या घरात सशाला बोलायची मुभा नव्हती, त्या घरात मेलेला माणूस नदीकाठानं चालायला लागला.

ही कल्पना मूळची श्रेयाच्या नवऱ्याची, शिवराजची. तो वाळूजच्या कंपनीत प्लॅनिंगला होता, त्यामुळं मुदत किती मिळते हे तो आधी बघायचा. आबा दवाखान्यात म्हणावं तर पोरगी भेटायला चला म्हणेल. परदेशात म्हणावं तर व्हिडिओ कॉल मागेल. नर्मदेकाठी रेंज नसते, आणि शास्त्राप्रमाणं परिक्रमा करायची तर तीनेक वर्षं लागतात. तोवर पोरगी आठच्या पुढं गेलेली असेल, मग मॅडमच्या पद्धतीनं सांगू. श्रेयाला हे इतकं पटलं की तिनं त्याच दिवशी नकाशा मागवला.

आता खोटं एकट्यानं चालत नाही, त्याला अख्खं खानदान लागतं. सोमनाथ, आबांचा थोरला, लासूरला अडत दुकान आणि शेती बघायचा. त्याचा आवाज हुबेहूब बापासारखा. त्याच्यावर काम आलं की आबांच्याच जुन्या फोनवरून दर रविवारी पोरीशी बोलायचं. तो मोटर चालू करून पाइपाजवळ उभा राहायचा, म्हणजे नर्मदेचा आवाज यायचा. दर रविवारी हा बाबा नटूनथटून विहिरीवर जातो आणि लाडीगोडीनं बोलतो म्हणून त्याच्या बायकोनं, रूपानं, संशय घेऊन काय रामायण केलं ते विचारूच नका.

पण सगळ्यात अवघड काम सरूबाईच्या वाट्याला आलं. नवरा गेल्यावर तिनं कपाळ मोकळं केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तिला तसंच वाटलं. हर्सूलला आली तर नातीनं पहिलाच प्रश्न केला की आज्जी, तुझी टिकली कुठं पडली? श्रेयानं तिला आत बोलावलं आणि हातात टिकल्यांचं पाकीट दिलं. सरूबाई म्हणाली, मला हे जमायचं नाय, मी सांगते पोरीला. त्यावर श्रेयानं, जी शकुन-अपशकुन मानत नव्हती, जिनं घरातला लिंबू-मिरचीचा दोरा स्वतः तोडून टाकला होता, तिनं सासूचा हात धरून झोपलेल्या पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, घ्या तिची शपथ, तिला तुम्ही सांगणार नाही.

सरूबाईनं शपथ घेतली. शपथ मोडली की पोरीला काही होईल, यावर तिचा पक्का विश्वास होता, आणि तो आहे हे श्रेयाला चांगलं माहीत होतं.

तेव्हापासून सरूबाई हर्सूलला सवाष्ण आणि लासूरला विधवा. लासूरला जाताना माळीवाडा मागं पडला की गाडीत टिकली काढायची, येताना पुन्हा लावायची. महिन्याभरातच संक्रांत आली. परिक्रमावासीची बायको म्हणून सोसायटीतल्या बायकांनी पहिलं वाण तिला दिलं, आणि वरच्या मजल्यावरची एक तर पाया पडली. म्हणाली, आजी, तुमच्यासारखं भाग्य लागतं. सरूबाईनं तिला आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार होती?

आणि आता वर्षश्राद्ध आलं.

श्रेयाचा विचार होता लासूरला उरकून घ्यायचं, पोरीला ड्रॉइंगच्या शिबिराला घालायचं. सरूबाई अडून बसली. वर्षभर जे सांगाल ते केलं, म्हणाली, पण त्यांचा घास मी राहते त्याच घरात निघंल. नायतर मी जेवायचीच नाय. श्रेयाला वाटलं म्हातारीचा हट्ट. हट्ट नव्हताच तो. सरूबाईनं मनाशी हिशेब केला होता की आपल्याला बोलायची बंदी आहे, पण भटजी येतील, भाऊबंद येतील, पिंड होतील, तेव्हा पोरीला आपोआप कळंल. शपथ शाबूत राहील आणि नवरा एकदाचा मेल्यासारखा होईल. तिला तेवढंच हवं होतं. नातीजवळ बसून त्याच्यासाठी एकदा रडायचं होतं.

तिथी नेमकी रविवारी आली. सकाळीच श्रेयानं सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून सूचना दिल्या. आज आबांच्या परिक्रमेचं एक वर्ष पूर्ण झालं म्हणून पूजा आहे. फोटोला हार घालायचा नाही, फोटो नकाशाशेजारी टेकवायचा. श्राद्ध हा शब्द कुणी काढायचा नाही. स्वर्गवासी, कैलासवासी, गेले, वारले, काहीच नाही. गच्चीवर घास ठेवायचा तेव्हा पोरीला सांगायचं की आज पक्षीनिरीक्षण आहे. त्यासाठी श्रेयानं तिला आदल्या दिवशीच पक्ष्यांची चित्रं छापून दिली होती.

भटजींना मात्र हे काही केल्या पटेना. ते शिवराजला पॅसेजमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले की मेलेल्या माणसाला मेलेला म्हणायचं नाही, तर मग मी पिंड कुणाच्या नावानं देऊ? शिवराजनं त्यांना समजावलं की संस्कृतमध्ये काय म्हणायचं ते म्हणा, पोरीला कळत नाही, फक्त मराठीत बोलू नका. भटजी म्हणाले, इतकी वर्षं लोक मला सांगतात की मराठीत सांगा म्हणजे कळंल, कळू नये म्हणून सांगणारे तुम्ही पहिलेच.

सोमनाथ लासूरहून बायकोला आणि आबांच्या धाकट्या भावाला, सर्जेरावांना, घेऊन आला. सर्जेराव म्हणजे भाऊबंदकीतलं जुनं प्रकरण. बांधावरून आबांशी त्यांचं बोलणं बंद होतं, आणि ते बंद असतानाच आबा गेले. त्यामुळं आता ते प्रत्येक विधीला सगळ्यांच्या आधी हजर असायचे. वाटेत सोमनाथनं त्यांना परिक्रमेचं सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, पण दारातून आत येताच सरूबाईच्या कपाळाकडं लक्ष गेलं आणि त्यांचा पायच अडखळला.

स्वयंपाकघरात रूपानं सासूला कोपऱ्यात घेतलं. ती वडे तळत होती, आवाज दबका. भाऊकी बसलीय बाहेर, म्हणाली, निदान आजच्या दिवस तरी काढा. लोक आमच्या तोंडात शेण घालतील. सरूबाईनं टिकलीला हात लावला तेवढ्यात श्रेया आत आली. संस्कृती घरात आहे, आई, म्हणाली. सरूबाईनं हात खाली घेतला. रूपा भडकली. वर्षभर तिला वाटत होतं की धाकटी सासूला ठेवून घेते म्हणजे सेवा करते, आणि त्याचा तिला थोडा रागही होता, थोडी सुटकाही वाटत होती. आज तिला पहिल्यांदा म्हातारीची दया आली.

"श्रेया, तू शिकलेली हायेस, मला येवढंच सांग," रूपा म्हणाली. "गोष्टीतल्या राजाराणीचं पोरीनं खरं मानलं तर तिचं नुकसान व्हतं. मग या खोट्या आबाचं काय व्हतं?"

श्रेयाला उत्तर येत होतं. तिनं ते मॅडमच्या शब्दांत दिलंही, की ती मनोरंजनाची असत्यं आणि हे संरक्षणाचं असत्य, दोन्हींत फरक आहे. पण बोलताना तिला स्वतःलाच ते पोकळ वाटलं. मघाशी टाचणी सरकवताना संस्कृतीनं विचारलं होतं की आबा आल्यावर आपण त्यांचे पाय कोमट पाण्यात ठेवू या का, खूप दुखत असतील. हे आता थांबवायचं कुठं हेच श्रेयाला कळत नव्हतं, आणि मॅडम गेले चार दिवस फोन उचलत नव्हत्या.

सोमनाथ मात्र कुणी विचारण्याआधीच श्रेयाच्या बाजूला गेला. चालू द्या ना, म्हणाला, कुणाचं काय जातंय? रूपानं डोळे वटारले तरी तो बधला नाही. त्याचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी विहिरीवर पाइपापाशी उभं राहून तो बापाच्या आवाजात बोलायचा तेव्हा ती दहा मिनिटं त्याला बाप जवळ असल्यासारखा वाटायचा. पोरीनं फोन ठेवला तरी तो आणखी थोडा वेळ बोलायचा. सोमा, कापूस आवंदा लवकर मोकळा कर, असं स्वतःलाच सांगायचा, आणि तसं करायचाही. हे बंद झालं तर बाप दुसऱ्यांदा मरणार होता.

पिंडदान हॉलमध्ये पार पडलं. भटजींनी नाव-गोत्र पुटपुटत उच्चारलं. संस्कृती मांडी घालून बसली होती आणि तिनं भाताचे गोळे बघून एवढंच विचारलं की यात मीठ आहे का. भटजींनी नाही म्हणून मान हलवली. सरूबाई भिंतीला टेकून वाट बघत होती. आता कळंल, मग कळंल. पोरगी सगळं बघून उठली आणि पक्ष्यांची चित्रं आणायला गेली. सरूबाईचा सगळा डाव फुकट गेला होता.

घास घेऊन सगळे गच्चीवर गेले. पानात भात, खीर, उडदाचे वडे, आबांना आवडायची ती गवारीची भाजी. सोमनाथनं पान कठड्यावर ठेवलं, पाणी फिरवलं, आणि सगळे हात जोडून मागं सरकले.

कावळा होता. पाण्याच्या टाकीवर बसला होता आणि मान वाकडी करून पानाकडं बघत होता. पण खाली येईना.

आता अशा वेळी आमच्याकडं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेल्याची इच्छा अडकली असली तर कावळा शिवत नाही, मग जो तो पुढं होऊन कबूल करायला लागतो. सर्जेराव पहिले झाले. बांध तुझाच दादा, म्हणाले, सोडला म्या. कावळ्यानं पंख खाजवले. सोमनाथनं मनात काहीतरी कबूल केलं, ओठ नुसते हलले. शिवराज इंजिनियर, तो आधी घड्याळ बघत होता, मग त्यानंही हात जोडले आणि दर महिन्याला लासूरला येईन म्हणाला. रूपानं विहिरीवरून केलेल्या भांडणाबद्दल माफी मागितली. कावळा जागचा हलला नाही. आणि सगळ्यांच्या मागं उभी असलेली श्रेया, हिला काय झालं होतं देव जाणे, तीसुद्धा मनातल्या मनात म्हणत होती, मामंजी, या ना खाली, मला माफ करा आणि या.

सरूबाईनं काहीच कबूल केलं नाही. नवरा कशासाठी अडलाय ते तिला माहीत होतं, आणि ते तिच्या हातात नव्हतं.

संस्कृती कठड्याजवळ गुडघ्यावर बसून चित्रांशी ताडून बघत होती. पक्ष्यांबद्दलच्या सूचना तिच्या आईनं तिला नीट समजावल्या होत्या. ओरडायचं नाही. पळायचं नाही. माणसांचं तळलेलं, गोड, मिठाचं पक्ष्यांना खाऊ द्यायचं नाही, ते आजारी पडतात.

कावळा टाकीवरून उडाला. एक गिरकी घेतली आणि थेट कठड्यावर उतरला. तो दोन उड्या मारत पानाजवळ आला, वड्याकडं वाकला, आणि संस्कृती उठून टाळ्या वाजवत धावली.

"नको खाऊ, तेलकट आहे ते!"

कावळा उडाला तो समोरच्या बिल्डिंगच्याही पलीकडं गेला. पोरगी वळून आईकडं बघत होती, शाबासकीसाठी.

सर्जेरावांचा मग तोल सुटला. "अगं, तुझा आजा आला व्हता," ते म्हणाले. "वरीसभरानं घास खायला आला व्हता माझा भाऊ, अन् तू हाकलून लावलंस त्याला."

संस्कृतीच्या हातातली चित्रं तशीच राहिली. तिनं समोरच्या बिल्डिंगकडं बघितलं.

"मम्मी, आबा कावळा झाले?"

"नाही बाळा," श्रेया लगेच म्हणाली. हे तिला येत होतं. "माणूस कधी कावळा होत नाही. ती गोष्ट असते. लोक मानतात, पण खरं नसतं ते."

"मग आबा कुठंयत?"

भरूचच्या पुढं, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. वर्षभर ती ते सहज म्हणत आली होती. आज ते तिला म्हणवेनात. तिनं शिवराजकडं बघितलं, शिवराजनं सोमनाथकडं, आणि सोमनाथ, बिचारा मायेचा माणूस, कुणाच्या लक्षात येण्याआधी पाण्याच्या टाकीमागं गेला.

शिवराजच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, आबा.

ते नाव सर्जेरावांनीही वाचलं. परिक्रमेची भानगड त्यांनी गाडीत ऐकली होती, पण आत्ता, हातचा कावळा उडून गेल्यावर, त्यांना त्यातलं काही आठवलं नाही. ते मटकन खाली बसले आणि त्यांनी फोनला हात जोडले. भटजींनीही दोन पावलं मागं घेतली. शिवराज फोन उचलेना, शेवटी संस्कृतीनंच तो घेऊन कानाला लावला.

"हं बेटा, कशी हायेस? मी बघ नर्मदेच्या..."

आवाज फोनमधून येत होता आणि टाकीमागूनही येत होता. संस्कृती फोन कानाला तसाच धरून टाकीला वळसा घालून गेली. मागं मोठे पप्पा पाइपाला पाठ टेकून उभे होते. त्यांच्या हातात आबांचा फोन होता आणि डोळे मिटलेले होते.

"मोठे पप्पा," ती म्हणाली, "मला माहितीय तुम्हीच असता. आबा मला बेटा नाही म्हणत, बाये म्हणतात."

सोमनाथनं डोळे उघडले. तुला कधीपासून माहीत, असं त्यानं विचारल्यावर ती म्हणाली, पहिल्यापासून. तिला वाटलं होतं की आबांना तिथं रेंज नाही, म्हणून ते मोठ्या पप्पांना निरोप देतात आणि मोठे पप्पा तो आबांसारखा करून सांगतात. छान करता तुम्ही, असंही म्हणाली. सोमनाथनं फोन बंद केला आणि तो खिशात न ठेवता हातात धरून तसाच उभा राहिला.

संस्कृती मग आजीपुढं येऊन उभी राहिली. घरात कुणी न उच्चारलेला शब्द ती सहज बोलली.

"आज्जी, तू सांग. आबा मेले का?"

सरूबाईच्या ओठापर्यंत आलं होतं. पण तिनं पोरीकडं न बघता सुनेकडं बघितलं.

"श्रेया, कुलूप तू लावलंस माझ्या तोंडाला. तूच काढ."

"आई, शपथेनं काही होत नसतं," श्रेया म्हणाली. "तुम्ही... तुमचं तुम्ही सांगू शकता."

"मला भ्या वाटतं. तुला नाय ना वाटत? मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ सुटली म्हण, अन् मोकळी कर मला."

रूपा म्हणाली, म्हण बाई. सर्जेराव जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले, म्हण पोरी. भटजींना खरं तर जेवून दुसरीकडं जायचं होतं, पण तेही थांबले. श्रेयाचा असल्या कशावर विश्वास नव्हता. तरीही पोरीच्या डोक्यावर ठेवायला पुढं केलेला हात तिनं दोनदा मागं घेतला. आपलं काही चुकलं, शब्द नीट उच्चारला गेला नाही, तर या पोरीला काही झालं तर, असलं सगळं तिच्या डोक्यात एकदम आलं. मॅडमच्या वर्गात जाऊन जाऊन घालवलेली सगळी भीती तशीच्या तशी जागेवर होती.

"सुटली," ती म्हणाली. मग खात्रीसाठी आणखी एकदा म्हणाली, "सुटली."

सरूबाई खाली बसली, म्हणजे नातीचं तोंड समोर आलं.

"व्हय बाये. मेले. मागच्या हिवाळ्यात, हरभऱ्याच्या वावरात. नर्मदेला नाय गेले कधी."

संस्कृती रडली नाही. ती विचार करत होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती, गणित चुकल्यावर पडते तशी.

"पण आज्जी, तू सांगितलेल्या गोष्टीतला राजा मेला तेव्हा सगळं गाव रडलं होतं," ती म्हणाली. "कुणी चूल पेटवली नव्हती. राणी तर रडून रडून आंधळी झाली. मला ना मधी एकदा वाटलं होतं आबा मेले असतील म्हणून. पण आपल्याकडं कुणीच रडलं नाही. तू टिफिनला भेंडी पण दिली होती. म्हणून मग मला वाटलं, नसतील मेले."

श्रेयानं तोंडावर हात दाबला. तिनं बंदी घातलेल्या गोष्टींतून पोरीनं मरण कसं ओळखायचं ते शिकून घेतलं होतं, आणि फक्त आपल्या घरातल्या माणसांवरून तिची चूक झाली होती.

"तू नाही रडलीस का?" संस्कृतीनं आजीला विचारलं.

"रडले ना."

"कुठं?"

"बाथरूमात. नळ सोडून, म्हंजी तुला आवाज जायला नको."

संस्कृतीला ते पटलं नाही. "नळाला तर पाणीच नसतं आपल्याकडं. आठ-आठ दिवस येत नाही."

"म्हणून तर लई रडता नाय आलं बाये," सरूबाई म्हणाली. "पाणी यील तवा थोडं थोडं रडले."

पोरगी तिच्या मांडीला मांडी लावून खाली बसली. आजीचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मग आता रड. इथं काही नळ लागत नाही."

सरूबाईनं एकदा वर बघितलं आणि तिला हुंदका आला. पहिला हुंदका तिनं सवयीनं गिळला. दुसरा गिळला नाही. मग ती गावाकडच्या बायका रडतात तशी रडली, नवऱ्याचं नाव घेऊन, सगळं बोलून दाखवून, की मला एकटीला टाकून गेलास, भरल्या वावरातून गेलास, वर्षभर मला कपाळ रंगवून नाचवलं रे यांनी. खालच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. परिक्रमावासीच्या बायकोला काय झालं म्हणून लोक वर बघायला लागले. कुणी तिला गप्प करायला गेलं नाही. सोमनाथ टाकीमागून आला आणि आईच्या पायाशी बसून स्वतःच्या आवाजात रडायला लागला.

संस्कृती सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होती. मोठी माणसं अशी रडताना तिनं पहिल्यांदाच बघितली होती. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता, पण तिला प्रत्येक गोष्ट विचारून करायची सवय लावलेली होती.

"मम्मी," ती म्हणाली, "मी पण रडू का?"

श्रेयाला हो म्हणायचं होतं. पण ती स्वतःच इतकी रडत होती की तिच्या तोंडातून शब्द फुटेना, म्हणून तिनं नुसती मान डोलावली.